हिंजवडीहून घरी आल्यावर वीस मिनिटं रेकी, कशी करायची

हिंजवडीहून कोथरूडला पोचेपर्यंत माझे खांदे कानाला टेकलेले असतात, तुमचंही तसंच होत असेल तर हे वाचा.

रेकी म्हणजे अंगावर हलके हात ठेवून उपचार करायची पद्धत, मूळची जपानची. क्योटोजवळ कुरामा नावाचा डोंगर आहे, तिथे 1922 मध्ये मिकाओ उसुईंनी 21 दिवस उपवास आणि ध्यान केलं आणि तिथून ही पद्धत सुरू झाली असं सांगतात. ‘की’ म्हणजे साधारण आपला प्राण. त्यांचे शिष्य हायाशी नौदलातले डॉक्टर, त्यांच्या टोकियोच्या दवाखान्यात हवाईच्या ताकाताबाई उपचारांना गेल्या, तिथेच शिकल्या, आणि मग रेकी जपानबाहेर पसरली.

आता करायचं काय, तर जेवणाआधी करा, पोट भरलेलं असलं की नुसती पेंग येते. फोन दुसऱ्या खोलीत. चटईवर आडवं व्हा किंवा खुर्चीत बसा, दोन्ही हात जोडून छातीशी धरा, याला गाश्शो म्हणतात, आपला नमस्कारच की. मग मनात म्हणायचं, फक्त आजच्या दिवशी मी रागावणार नाही, काळजी करणार नाही, कृतज्ञ राहीन, काम मन लावून करीन, सगळ्यांशी प्रेमाने वागेन. उसुईंची ही पाच तत्त्वं. ‘फक्त आजच्या दिवशी’ हे मला फार आवडतं, कारण विद्यापीठ चौकातल्या ट्रॅफिकमधून रोज जाणाऱ्या माणसाला जन्मभर न रागावण्याचं वचन देणं शक्यच नाही.

मग हात ठेवायचे, दाबायचे नाहीत, चोळायचे नाहीत, झोपलेल्या बाळावर ठेवतो तसे हलके. आधी डोळ्यांवर, मग कानांवर, डोक्याच्या मागे, गळ्यापाशी (गळ्याला टेकवू नका, गुदमरल्यासारखं होतं), छातीवर, शेवटी पोटावर. एकेका जागी तीनेक मिनिटं, घड्याळ बघायचं नाही, वीस-पंचवीस श्वास मोजले की पुढे सरकायचं. तळवे गरम वाटतील, मुंग्या येतील, किंवा काहीच होणार नाही, तरी चालतंय.

शिक्षक म्हणतील दीक्षा घेतल्याशिवाय ही रेकीच नाही, आणि त्यांच्या परंपरेत ते बरोबरच आहे. मी पण फर्स्ट डिग्री, म्हणजे रेकीचा पहिला टप्पा, केली, बरेच पैसे गेले, आणि दुसऱ्याच दिवशी सेकंड डिग्रीसाठी फोन सुरू. आधी महिनाभर घरी करून बघा की, मग ठरवा.

एक मात्र स्पष्ट सांगते, हातातून ऊर्जा वाहते हे विज्ञानाने सिद्ध केलेलं नाही. शांत पडून सावकाश श्वास घेतला की अंग सैल पडतं, मला तेवढं पुरतं. बीपीची, शुगरची गोळी बंद करायची नाही, आणि कुणी रेकीने गाठ विरघळवतो म्हणाला तर तिथून सरळ उठायचं.

झोप लागली तर लागू द्या, फक्त त्याआधी गॅसवरचा कुकर बंद केलाय ना ते बघा, माझी डाळ दोनदा करपलीय.