अल ग्रीन: सोल संगीताकडून ख्रिस्ती गीतांकडे, हा प्रवास कसा ऐकावा

सोल म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे भावपूर्ण लोकप्रिय संगीत; त्यातील गायक अल ग्रीन यांचे ख्रिस्ती संगीताकडे वळणे समजून घ्यायचे असेल, तर ते एका ठरावीक दिवशी घडले असे गृहीत धरू नये. १९७६ मध्ये ते अमेरिकेतील मेम्फिस येथील फुल गॉस्पेल टॅबरनॅकल चर्चचे पाळक (धर्मोपदेशक) झाले; परंतु हे वळण त्यांच्या गाण्यांत त्याआधीच ऐकू येते.

सुरुवात १९७३ च्या ‘कॉल मी’ या अल्बमपासून करावी. प्रेमगीतांच्या या अल्बमचा शेवट ‘जीझस इज वेटिंग’ या गीताने होतो. बाकीच्या प्रेमगीतांचे निर्माते विली मिचेल येथेही तेच आणि आवाज चढवण्याऐवजी आत ओढून घेण्याची ग्रीन यांची लकबही तीच. बदलते ते एवढेच, की गाणे आता प्रेयसीला उद्देशून राहत नाही. त्यानंतर १९७४ चे ‘टेक मी टु द रिव्हर’ ऐकावे, ज्यात प्रियकराची तक्रार आणि नदीतील बाप्तिस्म्याची ओढ एकाच ठेक्यावर एकत्र येतात.

यानंतरचा टप्पा १९७७ च्या ‘द बेल अल्बम’चा असून त्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. येथे मिचेल नाहीत. निर्मिती स्वतः ग्रीन यांची आहे आणि गिटारही त्यांनी वाजवली आहे. ‘बेल’ या गीतात ते एका स्त्रीला सांगतात, की मला हवी आहेस तू, पण गरज आहे ती देवाची. पहिल्या वेळी केवळ शब्दांकडे लक्ष द्यावे आणि दुसऱ्या वेळी केवळ आवाजाकडे, म्हणजे नकार देतानाही त्या आवाजातील आर्जव कमी झालेले नाही, हे लक्षात येईल. माझ्या मते त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीतील हे सर्वांत प्रामाणिक गीत आहे, कारण त्यात निर्णय झालेला आहे आणि मोहही लपवलेला नाही.

१९८० चा ‘द लॉर्ड विल मेक अ वे’ ऐकण्यापूर्वी एक भेद ध्यानात ठेवावा. गॉस्पेल ही कृष्णवर्णीय चर्चमध्ये वाढलेली ख्रिस्ती भक्तिगीतांची परंपरा आहे, तर समकालीन ख्रिस्ती संगीत १९६० च्या दशकाच्या अखेरीस, मुख्यतः गोऱ्या तरुणांच्या धार्मिक चळवळीतून पुढे आले. हा अल्बम प्रसिद्ध करणारी मिऱ्ह ही कंपनी त्या दुसऱ्या प्रवाहातील होती. त्यामुळे गायकी गॉस्पेलची आणि बाजारपेठ समकालीन ख्रिस्ती संगीताची, असा हा योग आहे. या अल्बमने ग्रीन यांना ग्रॅमी हा संगीत पुरस्कार मिळवून दिला.

१९८२ चा ‘प्रेशस लॉर्ड’ त्यानंतर घ्यावा. शीर्षकगीताचे रचनाकार थॉमस डॉर्सी हे स्वतः ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने ब्लूज हे कृष्णवर्णीयांचे लौकिक संगीत वाजवत असत, म्हणजे लौकिक संगीताकडून भक्तिगीतांकडे जाणारी ही वाट ग्रीन यांच्या कितीतरी आधी मळलेली होती. शेवटी १९८५ चा ‘ही इज द लाइट’ ऐकावा. त्यात मिचेल पुन्हा सोबत आहेत, म्हणून १९७३ च्या ध्वनीशी त्याची थेट तुलना करता येते.

तुलनेसाठी ‘अर्थ, विंड अँड फायर’ या वाद्यवृंदाचे गायक फिलिप बेली यांचे उदाहरण उपयोगी पडते. १९८४ मध्ये त्यांनी मिऱ्हसाठी ‘द वंडर्स ऑफ हिज लव्ह’ हा ख्रिस्ती अल्बम केला आणि त्याच वर्षी ब्रिटिश गायक फिल कॉलिन्स यांच्याबरोबर ‘ईझी लव्हर’ हे लौकिक प्रेमविषयक गाणेही गायले. ग्रीन यांनी काही वर्षे जे प्रेमसंगीत बाजूला ठेवले, ते बेली यांनी सोडले नाही.