वाढदिवसाच्या तीन महिने आधी: न्यूयॉर्कच्या वकिलाची सीएलईची तयारी

न्यूयॉर्कमध्ये वकिली करत असाल तर आधी कॅलेंडरवर स्वतःचा वाढदिवस शोधा. दर दोन वर्षांच्या नोंदणीची मुदत त्यानंतर ३० दिवसांत संपते. बारमध्ये, म्हणजे इथला वकील म्हणून, विषम वर्षी दाखल झाला असाल तर विषम वर्षी, सम असेल तर सम वर्षी. तोवर सीएलईची, म्हणजे वकिलांसाठी सक्तीच्या चालू शिक्षणाची, २४ क्रेडिट्स झालेली हवीत. मी स्वतः वाढदिवसाच्या तीन महिने आधीची तारीख धरते. ट्रायल लागली की शेवटच्या आठवड्यात तासभरही निघत नाही.

मग जुनी सर्टिफिकेट्स काढून बेरीज करा. मागच्या खेपेची जास्तीत जास्त ६ क्रेडिट्स पुढे ओढता येतात. बेरीज पूर्ण भरली तरी निर्धास्त होऊ नका, खाती वेगळी मोजा: एथिक्सची किमान ४, विविधता आणि भेदभाव-निर्मूलनाचं १, आणि जुलै २०२३ पासून सायबरसुरक्षेचं १. हे शेवटचं हमखास राहून जातं, म्हणून तेच आधी उरका. एक क्रेडिट म्हणजे ५० मिनिटं. महिन्याला एक केलं तरी भागतं.

रेकॉर्डेड कोर्स पाहताना वही-पेन समोरच असू द्या. मध्येच एक कोड सांगतात, तो फॉर्मवर लिहून सहीनिशी पाठवल्यावरच सर्टिफिकेट येतं. एकदा एथिक्सचा लांबलचक कोर्स चालू असताना मी अशिलाचा फोन घेतला, कोड हुकला आणि सगळं पुन्हा पाहावं लागलं. तेव्हापासून फोन दुसऱ्या खोलीत.

सर्टिफिकेट आलं की त्यावरचा प्रकार आणि आकडा तिथल्या तिथे तपासा. फाइलला तारीख, प्रकार, क्रेडिट्स असं नाव द्या आणि चार वर्षं जपून ठेवा. नोंदणीबरोबर ती जोडायची नसतात, पण ऑडिट आलं की दाखवावी लागतात.

पुण्या-मुंबईहून एलएलएमला येऊन इथली बारची परीक्षा दिलेल्या नव्या वकिलांचा हिशोब निराळा. पहिल्या दोन वर्षांत ३२ क्रेडिट्स, दर वर्षी १६, आणि तीही वाढदिवसापासून नाही, बारप्रवेशाच्या तारखेपासून. नवीन वकिलांना रेकॉर्डेड कोर्स सगळ्या प्रकारांत चालत नाही, तेव्हा पैसे भरण्याआधी बघून घ्या. परत जाऊन मुंबईतच प्रॅक्टिस करत असाल, न्यूयॉर्कमध्ये अजिबात नाही, तर क्रेडिट्समधून सूट मागता येते. नोंदणी मात्र करावीच लागते.

एवढं करूनही आजारपण किंवा घरातल्या अडचणीमुळे जमणार नसेल, तर मुदत उलटायच्या आधीच सीएलई बोर्डाकडे कारणासह लेखी मुदतवाढ मागा.