स्कॉटिश फुटबॉलची उतरंड: ज्युनिअर क्लब सामावून घेताना या चुका टाळा

२३ जानेवारी २०२३, सोमवारची रात्र. एअरशायरमधल्या डार्व्हेल या जेमतेम चार हजार वस्तीच्या गावात स्कॉटिश कपच्या चौथ्या फेरीचा सामना होता. पाहुणा संघ अ‍ॅबरडीन, म्हणजे १९८३ मध्ये रेआल माद्रिदला हरवून युरोपियन कप विनर्स कप जिंकलेला क्लब. जॉर्डन कर्कपॅट्रिकने पूर्वार्धात गोल मारला आणि तेवढा एक गोल पुरला. दोन संघांच्या क्रमांकांत ५६ जागांचं अंतर होतं. पाच दिवसांनी हिब्स (हायबर्नियन) या क्लबकडून ६-० असा मार खाल्ल्यावर अ‍ॅबरडीनच्या मॅनेजरला घरी जावं लागलं.

हा किस्सा बहुतेकांना ठाऊक आहे. त्याच्या आधीचा भाग मात्र फारसा कुणी सांगत नाही. २०२१-२२ च्या हंगामात डार्व्हेलने वेस्ट ऑफ स्कॉटलंड लीग जिंकली होती, तरी त्यांना वरची पायरी मिळाली नाही. सहाव्या स्तरावरच्या तीन लीगच्या विजेत्यांमधून पाचव्या स्तरावरच्या लोलंड लीगमध्ये एकच जाऊ शकत होता आणि त्या वेळी ट्रॅनेंट गेला. अ‍ॅबरडीनला हरवणारा हा ज्युनिअर परंपरेतला संघ सहाव्या स्तरावर होता, कारण वर जायचं दारच अरुंद होतं.

स्कॉटिश फुटबॉलच्या फेररचनेवर हिरिरीने बोलणारे आपल्याकडेही बरेच आहेत. कागदावर चौकोन काढायचे, त्यात क्लबांची नावं भरायची आणि बाण जोडायचे, हा खेळ मलाही आवडतो. पण त्या आराखड्यांत त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात. त्यातल्या काही स्कॉटलंडमध्ये प्रत्यक्षात घडल्या आणि त्यांची किंमत गावोगावच्या क्लबांनी मोजली.

‘ज्युनिअर’ म्हणजे पोरांचा संघ नव्हे

पहिली गफलत शब्दाची. स्कॉटलंडमध्ये ज्युनिअर फुटबॉलचा वयाशी काही संबंध नाही. तिथे तीस-पस्तिशीचे, हाडापेराने मजबूत गडी खेळतात. ज्युनिअर हे वेगळ्या संघटनेचं नाव आहे. स्कॉटिश ज्युनिअर फुटबॉल असोसिएशन १८८६ मध्ये स्थापन झाली आणि तिची स्वतःची लीग, स्वतःची नोंदणी, स्वतःचा कप होता. ‘सीनिअर’ जगाला समांतर असा हा संसार शंभर वर्षांहून जास्त काळ चालला.

त्याचा आवाका समजायला एक आकडा पुरेसा आहे. १९५१ च्या ज्युनिअर कपच्या अंतिम सामन्याला, पीटर्सहिल विरुद्ध अर्विन मेडो, ग्लासगोच्या हॅम्पडेन स्टेडियमवर ७७,६५० लोक आले होते. हा खाणकामगारांचा, गिरणी कामगारांचा, जहाजबांधणीवाल्यांचा फुटबॉल. ऑखिनलेकचंच पाहा. तिथली बॅरनी कोळसा खाण १९८९ मध्ये बंद झाली. खाणीचा तो इंग्रजी ‘ए’ आकाराचा लोखंडी सांगाडा अजून माळावर उभा आहे आणि गावात टॅलबटचं बीचवुड पार्क मैदानही तसंच जागं आहे. ऑखिनलेक टॅलबटने ज्युनिअर कप १४ वेळा जिंकलाय, इतर कुणाहीपेक्षा जास्त. शेजारच्या कमनॉकशी सामना असला की दोन्ही गावांत दुसरा विषय नसतो.

त्यांना तळाशी ढकलू नका

शब्द कळला तरी पुढची चूक लगेच होते. ‘हे नवे आले ना, मग सगळ्यात खालून सुरुवात करू दे.’ ऐकायला हे न्याय्य वाटतं, पण मैदान काही वेगळंच सांगतं. २००७-०८ पासून मोजक्या ज्युनिअर क्लबांना स्कॉटिश कपचा दरवाजा उघडला. २००९-१० च्या हंगामात अर्विन मेडोने अरब्रोथला बाहेर काढलं, २०१६-१७ मध्ये बॉनीरिग रोझने डम्बार्टनला. जानेवारी २०१९ मध्ये टॅलबटने बीचवुड पार्कवर एअर युनायटेडला १-० ने हरवलं. एअर तेव्हा चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे देशाच्या दुसऱ्या स्तरावर, वरच्या जागांसाठी झुंजत होता. गोल क्रेग मॅकक्रॅकनचा, हेडरने, सामना संपत आलेला असताना. टॅलबट तेव्हा अजून पिरॅमिडच्या, म्हणजे बढती-घसरणीने जोडलेल्या लीगच्या उतरंडीच्या, बाहेर होता.

अशा संघाला तळाच्या विभागात टाकलं तर दोन वर्षं तो ८-०, ९-० असे सामने जिंकत बसतो. त्याचं काहीच साधत नाही आणि समोरच्या छोट्या क्लबचं खच्चीकरण होतं. पूर्वेला हा प्रश्न त्या मानाने शहाणपणाने हाताळला गेला. २०१८ मध्ये ज्युनिअर क्लबांचा लोंढा ईस्ट ऑफ स्कॉटलंड लीगमध्ये आला, तेव्हा २०१८-१९ च्या हंगामात एकूण ३९ क्लब होते. जुने वर आणि नवे खाली असं न करता सगळ्यांना १३-१३ च्या तीन गटांत मिसळलं आणि एका हंगामाच्या निकालावर पुढचे स्तर ठरवले. बॉनीरिग रोझ त्यातून विजेता ठरला आणि लोलंड लीगमध्ये गेला. तुमच्या आराखड्यात नवे क्लब सामावायचे असतील तर असं एक मिसळणीचं वर्ष ठेवाच.

एकेकट्याने नको, प्रांतच्या प्रांत आणा

पण हा लोंढा आलाच कसा? २०१७ मध्ये केल्टी हार्ट्सने ज्युनिअर संघटना सोडली आणि ईस्ट ऑफ स्कॉटलंड लीगमध्ये प्रवेश घेतला. पुढच्याच वर्षी लोलंड लीग गाठली. ते पाहून शेजाऱ्यांचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. आपण मागे राहिलो तर? संघटनांच्या बैठका आणि चर्चा चालूच राहिल्या, तोवर क्लबांनी आपापले निर्णय घेतले. पूर्वेची ज्युनिअर लीग एका उन्हाळ्यात निम्मी-अर्धी ओस पडली. जे मागे राहिले त्यांना प्रतिस्पर्धी उरले नाहीत, डर्बी, म्हणजे शेजारी क्लबांमधले सामने, उरल्या नाहीत, गेटवरचं उत्पन्नही घटलं.

पश्चिमेने हे पाहिलं आणि थांबून, सगळ्यांना बरोबर घेऊन निर्णय केला. २०२० मध्ये वेस्ट ऑफ स्कॉटलंड लीग उभी राहिली, ६७ क्लबांची. पश्चिम विभागातले ६३ च्या ६३ ज्युनिअर क्लब त्यात आले. कोव्हिडमुळे पहिला हंगाम पूर्ण होऊ शकला नाही, हे दुर्दैव. पण कुणाची डर्बी तुटली नाही. टॅलबट आणि कमनॉक एकाच छताखाली राहिले.

इथे एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पश्चिमेच्या क्लबांनी ज्युनिअर संघटनेचं सभासदत्व सोडलं नाही, त्यामुळे ज्युनिअर कप त्यांच्याकडे राहिला. लीग पिरॅमिडमध्ये आणि कप जुन्या घरात. ‘आता सीनिअर झालात, मग तो कप विसरा’ अशी अट घालणारा आराखडा कुणी आणला तर तो तिथल्या तिथे बाजूला ठेवावा. आजोबांनी हॅम्पडेनवर पाहिलेला कप कुठलंही गाव कागदावरच्या बाणासाठी सोडणार नाही, आणि सोडूही नये.

नकाशा न पाहता रेघ ओढणं

२०२५-२६ च्या हंगामात पाचव्या स्तरावर दोन लीग होत्या. उत्तरेला १८९३ पासूनची हायलंड लीग आणि दक्षिणेला २०१३ मध्ये १२ क्लबांनिशी सुरू झालेली लोलंड लीग. त्यांच्यामधली हद्द टे नदीच्या आसपास. कागदावर हे सुटसुटीत दिसतं. आता डंडी शहरातल्या एखाद्या क्लबच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. हद्दीच्या उत्तरेला असल्यामुळे तो सहाव्या स्तरावरच्या मिडलँड्स लीगमध्ये खेळतो. वर गेला तर हायलंड लीगमध्ये जाणार. तिथे विक अकॅडमी आहे, स्कॉटलंडच्या पार उत्तर टोकाला, रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरच्या वर. नदीपलीकडचं फाइफ मात्र अर्ध्या तासावर.

हे खेळाडू पगारी व्यावसायिक नाहीत. कुणी इलेक्ट्रिशियन, कुणी शिक्षक, कुणी गोदामात पाळी करणारा. शनिवारी पहाटे बस निघते आणि रात्री उशिरा परतते. हंगामात असे तीन-चार दौरे आले की चांगला खेळाडू म्हणतो, ‘मी खालीच खेळतो, घराजवळ.’ बढती नाकारणारे क्लब महत्त्वाकांक्षा नसलेले असतात असं समजणं ही मोठी चूक आहे. बहुतेक वेळा त्यांनी फक्त बसचं भाडं आणि खेळाडूंच्या सुट्ट्या मोजलेल्या असतात. आराखडा काढण्याआधी प्रत्येक क्लबचा सर्वांत लांबचा सामना किती तासांवर येतो, हे कागदावर मांडा. निम्मे आराखडे तिथेच गळून पडतील.

सगळ्यात महागडी चूक: खोल्या वाढवल्या, दार तेवढंच

आता मूळ दुखण्याकडे येतो.

१९९४ पूर्वी स्कॉटिश लीगमध्ये नव्या क्लबाला शिरकाव जवळपास अशक्य होता. त्या वर्षी लीग ४० क्लबांची झाली आणि इन्व्हरनेसचा एकत्रित क्लब व रॉस काउंटी आत आले. २००० मध्ये पीटरहेड आणि एल्गिन सिटी आले. २००२ मध्ये एअर्ड्रिओनियन्स बुडाला म्हणून ग्रेटना, २००८ मध्ये ग्रेटना बुडाला म्हणून अ‍ॅनन. म्हणजे आत जायचं तर लीग वाढायला हवी किंवा कुणीतरी मरायला हवं. मैदानावरच्या निकालाने वर जाता येऊ लागलं ते २०१४-१५ पासून.

त्यातही अट केवढी! हायलंड आणि लोलंडच्या विजेत्यांनी आधी आपसात दोन सामने खेळायचे, मग त्यातल्या विजेत्याने लीग टूमध्ये, म्हणजे चौथ्या स्तरावर, तळाशी असलेल्या ४२ व्या क्लबशी आणखी दोन. वर्षभर पहिलं राहिलेला संघ या चार सामन्यांत एकदा घसरला की पुन्हा शून्यावर. वर्षभर शेवटचा राहिलेला संघ मात्र दोन सामने सावरले की वाचतो. पहिल्याच वर्षी ब्रोरा रेंजर्सने एडिनबरा सिटीला हरवलं आणि मॉन्ट्रोजपुढे एका गोलाने हरले. २०२० मध्ये तर कोव्हिडमुळे ही लढत, म्हणजे प्ले-ऑफच, झाला नाही. केल्टी आणि ब्रोरा दोघेही विजेते असून बाहेर राहिले आणि तळाचा ब्रेकिन सिटी आत. वर्षभराने केल्टीने त्याच ब्रेकिनला खाली पाठवलं आणि त्यानंतर पहिल्याच हंगामात लीग टू जिंकली. कोव्ह रेंजर्सनेही वर आल्यावर पहिल्याच हंगामात लीग टू जिंकली होती. खालचे संघ तयार नाहीत हा युक्तिवाद यानंतर टिकत नाही.

तरी हे बदलत का नाही? कारण दार रुंद करायचं की नाही हे आतले ठरवतात. ईस्ट स्टर्लिंगशायर, बेरिक रेंजर्स, ब्रेकिन, काउडनबीथ, अल्बियन रोव्हर्स हे पाच क्लब २०१६ ते २०२३ दरम्यान खाली गेले आणि २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंत त्यांतला एकही परतला नव्हता. हे पाहून लीग टूमधला क्लब स्वतःच्या पायाखालची फळी काढायला मत देईल कसा? त्याची भीती खरी आहे, त्याला दोष देऊन काही होत नाही. २०२० मध्ये १४-१०-१०-१० अशा रचनेचा प्रस्ताव आला, तोही मतांअभावी कोसळला. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: ज्युनिअर क्लब जोडण्याआधी किंवा जोडतानाच थेट बढतीची किमान एक जागा पक्की करून घ्या, आणि त्याच ठरावात खाली जाणाऱ्या क्लबसाठी दोन वर्षांचं आर्थिक साहाय्य लिहा. दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्या तरच मतं मिळायची शक्यता आहे. स्कॉटलंडने आधी खालचे मजले भरले आणि जिना नंतर पाहू म्हटलं. आज दक्षिणेच्या सहाव्या स्तरापासून खाली शंभराहून कितीतरी जास्त क्लब त्या एका जिन्याकडे पाहत उभे आहेत.

परवाना शेवटी बघू, असं म्हणू नका

वर जायला स्कॉटिश एफएचा, म्हणजे देशाच्या फुटबॉल संघटनेचा, परवाना लागतो: एन्ट्री, ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या. दिवे, ड्रेसिंग रूम, कागदपत्रं, मैदान, सगळं तपासतात. २०२४ मध्ये बकी थिसलने हायलंड लीग जिंकली, पण परवान्याच्या अटी पूर्ण नसल्याने त्यांना प्ले-ऑफ खेळता आला नाही. बॉनीरिग रोझचं उदाहरण आणखी चटका लावतं. न्यू डंडास पार्कचं मैदान उताराचं. ज्युनिअरच्या काळात त्या उतारावर पिढ्यान् पिढ्या खेळल्या. कोणत्या अर्ध्यात चढावर खेळायचं हाच तिथला डावपेच. क्लब २०२२ मध्ये लीग टूमध्ये पोचला आणि २०२४-२५ मध्ये त्याच उतारासाठी सहा गुण कापले गेले. त्या हंगामाच्या शेवटी ईस्ट किलब्राइडकडून हरून ते खाली आले.

नियम नकोत असं मी म्हणत नाही. पण मैदान सपाट करायचं, दिव्यांचे खांब उभारायचे, तर त्याला पैसा आणि परवानग्या लागतात, आणि स्वयंसेवकांच्या जिवावर चालणाऱ्या क्लबला ते एका उन्हाळ्यात जमत नाही. क्लब पिरॅमिडमध्ये आला त्याच दिवशी त्याच्या मैदानाची पाहणी व्हावी, उणिवांची यादी हातात पडावी आणि तीन-चार वर्षांची मुदत व निधीची वाट ठरावी. विजेता ठरल्यावर मे महिन्यात दिव्यांचा प्रकाश मोजणं हे उशिराचं शहाणपण आहे.

मोठ्यांचे बी संघ भरणीला वापरणं

२०२१ मध्ये सेल्टिक आणि रेंजर्सचे बी संघ, म्हणजे तरुण खेळाडूंचे दुय्यम संघ, लोलंड लीगमध्ये पाहुणे म्हणून आले, पुढच्या वर्षी हार्ट्सचा. त्यांना बढती मिळणार नव्हती. पैसे मिळाले, तरुण खेळाडूंना सराव मिळाला. पण लीगची प्रत्येक जागा मोजून-मापून मिळत असताना त्यातल्या काही जागा, कधीच वर न जाणाऱ्या आणि स्वतःचं गाव नसलेल्या संघांना देणं मला पटत नाही. २०२३ मध्ये बी संघांसह नवी कॉन्फरन्स लीग काढून सगळ्यांना एक पायरी खाली ढकलायचा प्रस्ताव आला होता. खालच्या क्लबांनी कडाडून विरोध केला आणि तो बारगळला. तुमच्या आराखड्यात बी संघ हवेच असतील तर त्यांच्यासाठी वेगळी स्पर्धा काढा. ट्रॅनेंट, क्लाइडबँक, लिनलिथगो यांची रांग त्यांच्यासाठी थांबवू नका.