रॉकवेलची युद्धातली घरगुती चित्रं बघायची कशी

अमेरिकन चित्रकार नॉर्मन रॉकवेलचं टर्कीवालं चित्र बहुतेकांनी कुठेतरी बघितलेलं असतंच, आजी भाजलेला भलामोठा टर्की पक्षी टेबलावर ठेवतेय, सगळे हसतायत, आणि आपण म्हणतो वा काय सुखी कुटुंब, आणि पुढे स्क्रोल. तसं करू नका.

आधी तारीख बघा. हे चित्र 6 मार्च 1943 च्या सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट या अमेरिकन मासिकात आलं, म्हणजे ऐन महायुद्धात. 6 जानेवारी 1941 ला अमेरिकेचा अध्यक्ष असलेल्या रूझवेल्टने भाषणात चार स्वातंत्र्यं सांगितली होती, बोलण्याचं, उपासनेचं, अभावापासून आणि भीतीपासून. रॉकवेलला प्रत्येक स्वातंत्र्याचं एक अशी चार चित्रं काढायची होती, टर्कीवालं त्यातलं अभावापासूनच्या स्वातंत्र्याचं. ते शब्द त्याला भारीच वाटत होते पण चित्र काही सुचेना. मग त्याला गावातल्या सभेतला शेजारी आठवला. व्हरमाँटमधलं आर्लिंग्टन गाव, आपल्या ग्रामसभेसारखी सभा, हा शेजारी एकटाच सगळ्यांच्या विरोधात बोलायला उभा राहिला आणि पटत नसूनही लोकांनी त्याला बोलू दिलं. झालं, पहिलं चित्र सापडलं, बोलण्याच्या स्वातंत्र्याचं!

आता त्या चित्रात कपडे बघा. उभा असलेल्याच्या अंगात चौकड्यांचा शर्ट आणि वापरून मळलेलं जॅकेट, खिशात घडी केलेला कागद, आणि टाय लावलेली माणसं मान वर करून त्याच्याकडे बघतायत. सगळा मुद्दा त्या माना वर करण्यात आहे.

मग युद्ध कुठे लपलंय ते शोधा. भीतीवाल्या चित्रात आई मुलांना पांघरूण घालतेय, बाप नुसता उभा, पण त्याच्या हातातल्या पेपरच्या मथळ्यात बॉम्बहल्ल्याची बातमी आहे. टर्कीच्या चित्रात मात्र कितीही शोधा, युद्ध नाहीच. पांढऱ्या टेबलक्लॉथवर पांढऱ्या बशा, ग्लासात साधं पाणी, आणि उजव्या कोपऱ्यातला माणूस थेट आपल्याकडे बघतोय. हे भरलेलं ताट तिकडे युरोपातल्या उपाशी लोकांना खुपलं, आणि मला विचाराल तर खुपणारच. (टर्की खरी होती, नंतर खाल्लीसुद्धा.)

पोस्टने प्रत्येक चित्रासोबत एक लेख छापला होता, तो सोडू नका. टर्कीसोबतचा लेख कार्लोस बुलोसानचा, फिलिपिन्सहून येऊन अमेरिकेतल्या शेतांवर मजुरी केलेला माणूस. भरलेल्या टेबलाच्या जोडीला त्याचे शब्द, दोन्ही एकत्र वाचलं की चित्र वेगळंच दिसायला लागतं.

शेवटी पैसा. गंमत म्हणजे रॉकवेल ही कल्पना घेऊन गेला तेव्हा सरकारी खात्याने आधी त्याला परत पाठवलं होतं, पोस्टचा संपादक बेन हिब्जने ती चित्रं घेतली, आणि छापून आल्यावर तेच सरकार मूळ चित्रं घेऊन 16 शहरांत फिरलं, 12 लाखांवर लोकांनी बघितली आणि 13 कोटी 20 लाख डॉलरचे वॉर बाँड (युद्धखर्चासाठी सरकारने लोकांना विकलेले रोखे) खपले. मूळ चित्रं आता मॅसॅच्युसेट्समधल्या स्टॉकब्रिजला रॉकवेल म्युझियममध्ये आहेत, चांगली पावणेचार फूट उंच, मोबाइलवर बघून त्या टेबलक्लॉथच्या घड्या कळत नाहीत.