सोलापुरात कुत्र्या-मांजरासकट भाड्यानं घर बघताय? मग हे वाचा

आधीच सांगते, जनावर लपवून घर घेऊ नका. मी मागच्या वेळी तेच केलं, आधी राहायला जाऊ मग राणीला हळूच आणू म्हटलं, तिसऱ्या रात्री ती भुंकली, सकाळी मालक दारात. महिन्याभरात खोली सोडावी लागली, परत टेम्पो, परत डिपॉझिटची जुळवाजुळव, आणि त्या बिचारीनं चार दिवस नीट खाल्लं नाही ते वेगळंच.

फ्लॅटच्या मागं लागण्यापेक्षा बैठं घर किंवा रो हाऊस बघा. जुळे सोलापूर, सैफुल, होटगी रोड, शेळगी ह्या बाजूला प्लॉटवर बांधलेली घरं भरपूर आहेत, आणि मालक पुण्याला मुलाकडं राहत असतील तर अजून बरं. ॲपवर बघाच, पण गेटवरच्या पाट्या आणि त्या गल्लीतला किराणावाला ह्यांच्याकडनं जास्त कळतं. आणि सकाळी सहाला त्या भागात एक चक्कर मारा, कुत्रं फिरवणारं कोणी दिसलं की थांबवून विचारा, भाड्यानं राहत असतील तर त्यांचा मालक तुम्हालाही चालेल.

फोनवर पहिल्याच वाक्यात सांगायचं, "काका, आम्ही दोघं आणि एक कुत्री, घर बघायला यायचं का?" "नको ओ, घर घाण करतंय" म्हणाले तर वाद घालू नका, पुढचा नंबर लावा. पण "बघू की, घरात विचारून सांगतो" म्हणाले तर तिथं आशा आहे, त्यांना म्हणा एकदा तिला बघा तर खरं. जायच्या आधी तासभर फिरवून दमवायचं, रेबीजच्या लसीची नोंद असलेलं डॉक्टरांचं पुस्तक आणि नसबंदीचा कागद सोबत घ्यायचा. आत्ताच्या आमच्या घरमालकीण काकू आधी दार अर्धंच उघडून उभ्या होत्या, राणी शहाबादी फरशीवर पोट टेकून गप पडली, मग काकूंनीच आतून कडक भाकरीचा तुकडा आणला, आणि तो कुडुमकुडुम खाल्लेला बघून म्हणाल्या, "लई गरीब आहे की ओ." तिथंच काम झालं.

अजून एक, बऱ्याच घरात अडचण कुत्र्याची नसते, त्याला चिकन-मटण शिजवणार का ह्याची असते. जे खरं आहे ते आधीच बोला, नाहीतर पुढं रोज कुरबुर.

घर बघायला एकदा दुपारी तीन-चारला नक्की जा. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो, वरच्या मजल्यावर किंवा पत्र्याखाली मुक्या जिवाचे फार हाल होतात, म्हणून पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा. शहाबादी असेल तर उत्तम, थंड राहते आणि गुळगुळीत टाईल्सवर म्हाताऱ्या कुत्र्याचे पाय घसरतात तसं होत नाही. पाणी किती दिवसांनी येतं, टाकी केवढी, बोअर आहे का हे विचारा, जनावर असलं की धुवायला पाणी लागतंच. मांजर असेल तर ग्रीलमधनं डोकं जातंय का बघा आणि जाळी मारायची परवानगी घ्या. होम मैदानाच्या आसपास घर मिळत असेल तर जानेवारीत गड्ड्याचं, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचं, शोभेचं दारूकाम लक्षात ठेवा, आवाजाला भिणारं कुत्रं त्या रात्री एकटं ठेवता येत नाही.

सोसायटीत फ्लॅट असेल तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या 2015 च्या सूचना माहीत असू द्या, सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही अडवता येत नाही. पण मालकानं तुम्हाला घर द्यायलाच पाहिजे असं त्यात कुठं नाही, म्हणून मालकाचा होकार कागदावर पाहिजे. भाडेकरार लेखी आणि रजिस्टर करणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 नुसार बंधनकारकच आहे आणि ती जबाबदारी मालकाची, तेव्हा 11 महिन्यांच्या त्या करारात एक ओळ घालून घ्या, "भाडेकरूसोबत एक पाळीव कुत्री राहणार असून त्यास मालकाची संमती आहे." जास्तीचं डिपॉझिट मागितलं तर तो आकडाही त्यातच. दारं, चौकटी, भिंतींचे फोटो पहिल्याच दिवशी काढून मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवा, नाहीतर जुने ओरखडेसुद्धा तुमच्या कुत्र्याच्या नावावर जातात.

राहायला गेल्यावर पहिले आठ दिवस तिला घरात एकटं ठेवू नका. शेजारी जाऊन ओळख करून द्या, नंबर द्या, म्हणा काय त्रास झाला तर आधी मला फोन करा, मालकांना नंतर.