पंखे फिरतात, पण स्क्रीन काळीच?

कॉम्प्युटरचं बटण दाबल्यावर पंखे फिरतात, पण मॉनिटर काळाच राहतो किंवा नुसते बीप वाजत राहतात? लगेच विंडोज नव्याने टाकायच्या मागे लागू नका. गाडी तिथवर पोचलेलीच नसते. आधी रॅम (मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर, बसवलेली मेमरीची पट्टी) बघा. प्लग काढून पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलासुरला करंट निघून जातो. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, मग क्लिप उघडून रॅम काढा. तिच्या सोनेरी पट्ट्यांवर साधा खोडरबर हलकेच फिरवा (मदरबोर्डपासून लांब, चुरा आत नको) आणि खाच जुळवून ‘कट्’ आवाज येईपर्यंत दाबून बसवा. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा. आणि हो, वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल त्यालाच जोडलेली हवी.