बंदूक घरी ठेवताना: आधी रिकामी करा, मग कुलूप लावा

बंदूक कुठे ठेवली आहे हे घरात फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, असं ज्याला वाटतं त्याने आपलं लहानपण आठवावं. मोठ्यांनी लपवलेल्या किती वस्तूंचा आपल्याला पत्ता होता! माळ्यावर किंवा गादीखाली ठेवलेलं शस्त्र लपलेलं असतं, पण सुरक्षित नसतं.

सुरुवात शस्त्र रिकामं करण्यापासून. नळी सुरक्षित दिशेला आणि बोट चापापासून दूर ठेवा. आधी मॅगझिन (गोळ्या भरलेली पेटी) काढा, मगच स्लाइड किंवा बोल्ट, म्हणजे बंदुकीचा मागे-पुढे सरकणारा भाग, मागे ओढा. हा क्रम उलटला, तर चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या घरातली, गोळी बाहेर पडते आणि मॅगझिनमधली दुसरी तिच्या जागी जाऊन बसते. नुसतं मॅगझिन काढल्यानेही काम होत नाही, कारण चेंबरमध्ये एक गोळी राहिलेली असू शकते. म्हणून चेंबर उघडून डोळ्यांनी पाहा आणि बोटाने चाचपा. रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडरचं प्रत्येक घर तपासा.

मग शस्त्र पोलादी कपाटात किंवा तिजोरीत ठेवा. ती भिंतीला वा जमिनीला आतून बोल्टने पक्की केलेली हवी. नाहीतर चोर तिजोरीच उचलून नेतो. चापाचं कुलूप फक्त रिकाम्या शस्त्रालाच लावा. भरलेल्या बंदुकीला ते लावतानाच चाप दाबला जाऊ शकतो. काडतुसं मूळ खोक्यात, कोरड्या जागी, वेगळ्या कुलपात ठेवा.

खरी गडबड किल्लीपाशी होते. महागडी तिजोरी घ्यायची आणि किल्ली दाराजवळच्या खिळ्याला अडकवायची! किल्ली परवानाधारकाकडेच असावी. आकड्यांचं कुलूप असेल तर जन्मतारीख नको. घरात कुणी खचलेलं असेल, टोकाचं बोलत असेल, तर कायद्याने परवानगी असलेल्या ठिकाणी शस्त्र काही काळ घराबाहेरच ठेवा. जीव देण्याचा आवेग पुष्कळदा थोड्या वेळात ओसरतो, पण हाताशी बंदूक असेल तर तेवढा वेळच मिळत नाही.

गंजाचंही पाहावं लागतं. चामड्याचं म्यान आणि फोमची पेटी ओल धरून ठेवतात, त्यामुळे शस्त्र त्यांत महिनोन्‌महिने ठेवू नका. धातूवर तेलाचा पातळ हात फिरवा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राखा.

कायदा देशागणिक बदलतो. काही ठिकाणी कपाट कसं असावं हेही ठरलेलं असतं आणि पोलिस घरी येऊन ते पाहतात. म्हणून शस्त्र घरी आणण्याआधीच परवान्यावरच्या अटी वाचा: काडतुसं किती ठेवता येतात, पत्ता बदलला तर कुणाला कळवायचं, धारकाच्या मृत्यूनंतर शस्त्र कुठे जमा करायचं. शस्त्राचा क्रमांक, कंपनीचं नाव आणि फोटो तिजोरीबाहेर जपून ठेवा. चोरी झालीच, तर पोलिस पहिल्यांदा तो क्रमांकच विचारतील.